मिठाच्या चार टेकड्या

हर्षद मला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो गुडघ्यापर्यंत चिखलात उभा होता, आणि चेहऱ्यावर अगदी समाधान होतं. गळ्यात पाटी, पाटीवर कागद, कानामागे दोन पेन्सिली, एक काळी आणि एक तपकिरी. धरमतरच्या खाडीकाठी चिखलात रुतलेली माणसं आम्ही नेहमी बघतो, पण ती ओरडत असतात. हा चित्र काढत होता.

जानेवारीतला रविवार. धुकं नुकतंच उठलं होतं आणि आगरातल्या उथळ पाण्यावर ऊन असं पडलं होतं की बघताना डोळे बारीक करावे लागत. आगर म्हणजे मिठागर. माझे बाबा, गुणाजी, तिथं तीस वर्षं मीठ पिकवतात. मी त्यांचा विसरलेला डबा घेऊन आले होते.

"अहो, जरा सांगाल का," चिखलातून आवाज आला, "ही टेकडी किती उंच असेल?"

मी वळून बघितलं. आमच्या गावात टेकडी नाही. खाडी आहे, बांध आहेत, कांदळवन आहे, आणि जिकडं बघाल तिकडं सपाट. तो बोट दाखवत होता ती मिठाची रास होती. मागच्या वर्षी व्यापारी आलाच नाही म्हणून बाबांनी चार राशी तशाच ठेवल्या होत्या. पावसाआधी त्यांच्यावर पेंढा घातला, वरून चिखल लिंपला, आणि पावसात त्या चिखलावर गवत उगवलं. आता चार हिरव्या-पिवळ्या ढिगांवर शेळ्या फिरत होत्या. रोह्याच्या डोंगरांकडून आलेल्या माणसाला त्या टेकड्या वाटल्या तर त्याचा दोष नाही. तिकडं ढिगाएवढं काही दिसलं तर ती टेकडीच असते.

मी त्याला खरं सांगणारच होते. तोंड उघडलंही होतं. पण त्यानं माझ्या हातात मोजपट्टीचं टोक दिलं आणि म्हणाला, "हे धरून वर चढाल?"

इथं मला थोडं खुर्च्यांबद्दल सांगावं लागेल.

माझा डावा पाय जन्मापासून आत वळलेला आहे. लहानपणी दोन ऑपरेशनं झाली. आता मी काठी घेऊन कुठंही जाते, फक्त सावकाश. हे मला पटलेलं आहे, गावाला नाही. मी दिसले की गाव खुर्ची आणतं. लग्नाला खुर्ची, मयताला खुर्ची, एकदा मी नुसती रस्ता ओलांडत होते तर पलीकडं प्लॅस्टिकची लाल खुर्ची आधीच मांडून ठेवलेली. आमदार आले तरी इतक्या चपळाईनं येत नाही. सरूआत्या तर "बस गो नमे, बस" हे नमस्कारासारखं म्हणते. हमरापूरच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखायचं काम मला मिळालं, त्याचंही पहिलं कारण हेच, की ते बसून करायचं असतं. दुसरं कारण मी ते चांगलं करते, पण त्याची चौकशी कोणी केलेली नाही.

तर पंचवीस वर्षांत मला कोणी 'वर चढाल?' असं विचारलं नव्हतं. मी चढले. काठी रोवत, गवताला धरत, एकदा एका शेळीच्याही आधारानं. वर पोचल्यावर वारा लागला. खाली हा माणूस टोक ताणून उभा होता.

"तीन मीटर वीस," तो म्हणाला. "बरोबर वाटतंय?"

"हिवाळ्यात," मी म्हटलं. "पावसाळ्यात थोडी कमी होते."

त्यानं ते लिहून घेतलं.

*

तो रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टला होता. घर खांबजवळ, भाताचं आणि वालाचं रान, आईवडील. सुट्टीच्या दिवशी तो नकाशे काढायचा, कारण कॉलेजात असताना एका शिबिरात त्याला ओरिएंटियरिंग नावाचा खेळ लागला होता. लागला म्हणजे जसा नाद लागतो तसा. या खेळात हातात नकाशा देतात आणि होकायंत्र. नकाशावर गोल असतात. जिथं गोल, तिथं जमिनीवर एक पांढरा-नारिंगी झेंडा टांगलेला. झेंड्याला पंच बांधलेला असतो, त्यानं आपल्या कार्डाला भोक पाडायचं आणि पुढच्या गोलाकडं निघायचं. वाट कुठली घ्यायची हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

"धावायलाच पाहिजे असं काही नाही," तो म्हणाला होता. "आठ वर्षांची मुलं खेळतात, ऐंशीचे आजोबा खेळतात. चालता येत नाही त्यांची वेगळी शर्यत असते. तिथं पाय नाही, नजर बघतात."

आमच्या खाडीकाठी त्याला असा खेळ भरवायचा होता, दर महिन्याला, सगळ्यांसाठी. गावात तो सरूआत्याला समजावून सांगायला बसला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "झेंडा शोधाचाच हाय, तर लपवाचा कशाला?" याचं उत्तर माझ्या मते जगात कोणाकडंच नसावं.

टेकड्यांचं खरं मी पुढच्या रविवारी सांगायचं ठरवलं. त्यासाठी पुढच्या रविवारी तो यायला हवा होता. आणि तो येणार होता तो टेकड्या मोजायला. म्हणजे या रविवारी सांगून चालणार नव्हतं. हिशेब सरळ होता.

पुढच्या रविवारी तो आला. सोबत आईनं दिलेले वालाचे डबे दोन होते, कारण त्यानं घरी सांगितलं होतं की तिकडं एक मदतनीस आहे. मदतनीस या शब्दावर आम्ही दोघं थोडा वेळ खाडीकडं बघत राहिलो.

त्या दिवशी त्यानं मला पावलं मोजायला शिकवलं. नकाशावाले मोजपट्टी घेऊन मैलभर फिरत नाहीत, पावलं मोजतात. मी म्हटलं, माझी मोजून उपयोग नाही, एक लांब पडतं आणि एक आखूड.

"एकेक पाऊल मोजतच नाहीत," तो म्हणाला. "डावं-उजवं मिळून एक. जोडपाऊल म्हणतो मी त्याला. तुझं… तुमचं लांब-आखूड आपसात मिटून जातं."

त्यानं शंभर मीटरला खुणा केल्या आणि मला चालायला लावलं. नव्वद जोडपावलं. परत चालले, नव्वद. तिसऱ्यांदा, नव्वद. मग त्यानं स्वतः मोजली. एकदा एकसष्ट, एकदा चौसष्ट, आणि तिसऱ्यांदा माझ्याकडं बघता बघता आकडाच विसरला.

"तुम्ही दर वेळी सारखंच कसं टाकता?"

"घसरलं तर पडते ना मी. म्हणून बघून टाकते."

त्या दिवसापासून बांधांची लांबी माझ्या पावलांनी मोजली जायला लागली. मी मोठ्यानं मोजत पुढं चालायची आणि तो मागून लिहीत यायचा. खाडीकाठचा तो सगळा नकाशा, खरं सांगायचं तर, माझ्या लंगडण्यानं मोजलेला आहे.

अहो-जाहो कधी गेलं तेही आठवतंय. उघाडीवर. खाडीचं पाणी आगरात सोडायचं लाकडी दार असतं त्याला उघाडी म्हणतात, तिथली फळी शेवाळलेली असते. मी तिच्यावर पाय ठेवला तर हा घाईनं म्हणाला, "सांभाळ, तू पडशील," आणि स्वतः पडला. कमरेएवढ्या चिखलात. मी काठी पुढं केली, त्यानं ती धरली, आणि मी त्याला ओढून वर काढला. नखशिखांत चिखल झालेल्या माणसाला अहो म्हणता येत नाही. प्रयत्न करून बघावा.

*

अडचण तपकिरी पेन्सिलीची होती.

नकाशात रंगांना अर्थ असतो, हे त्यानं मला एका रविवारी बांधावर बसून सांगितलं. निळं म्हणजे पाणी, हिरवं म्हणजे दाट झाडी. तपकिरी म्हणजे जमिनीनं स्वतःहून केलेलं, चढ, उतार, टेकडी. काळं म्हणजे माणसानं केलेलं, घर, रस्ता, विजेचा खांब. कधी नुसती काळी फुली असते, म्हणजे माणसानं काहीतरी उभं केलंय, काय ते जाऊन बघा.

तो तपकिरी पेन्सिल कानामागून काढायचा तेव्हा मी त्याला घाईनं एखादा न मोजलेला बांध दाखवायची.

कारण आता पुण्याहून प्रणिता मॅडम येणार होत्या. त्या नकाशे तपासतात. मार्चमधली पहिली शर्यत त्या स्वतः धावणार, नकाशा आणि जमीन जुळली तर इथं दर महिन्याला खेळ भरवायची परवानगी मिळणार, नाही जुळली तर नाही. आणि त्या नकाशात माझ्यामुळे चार टेकड्या होत्या. नकाशा चुकला की खेळ गेला, खेळ गेला की रविवार गेला. तो खांबला, मी हमरापूरला, मध्ये हायवे.

कारखान्यात माझ्या शेजारी बसून मुकुटांना सोनेरी लावणाऱ्या पिंकीला हे सगळं माहीत होतं. ती रोज विचारायची, सांगितलंस का. मी रोज नाय म्हणायची. तिनं एकदा शांतपणे सांगितलं, "नमे, तुझ्या पोटात चार राशी हायेत. जेवतेस कुठं?"

बुधवारी पहिली शिफ्ट संपवून तो स्वतःच कारखान्यात येऊन उभा राहिला. म्हणाला, छपाईसाठी पेणला आलो होतो, वाटेत पडलं. पेण हमरापूरच्या वाटेत पडतं, हमरापूर पेणच्या वाटेत पडत नाही, पण नकाशे काढणाऱ्याला हे कोण सांगणार. पिंकी सोनेरी रंग आणायला म्हणून उठली. सोनेरी रंग तिच्या हातात होता.

मी एका दीड फुटी मूर्तीचे डोळे आखत होते. परदेशी जायचे गणपती लवकर तयार करतात. आखताना हात एकदाच फिरतो, श्वास धरून. त्यानंही श्वास धरलेला मला ऐकू आला, म्हणजे ऐकू यायचा बंद झाला.

"आखताना कुठं बघतेस?" त्यानं हळूच विचारलं.

"डोळ्यांत."

"आणि ते बघायला लागतात तेव्हा?"

"तेव्हा मी दुसऱ्या मूर्तीकडं बघते. फार वेळ कोणी कोणाकडं बघू नये."

तो मात्र बघत राहिला. मूर्तीकडं नाही. मी ब्रश धुतला. तो स्वच्छच होता, तरी धुतला. मग म्हटलं आता सांगूया, आणि सुरुवात केली, "हर्षद, त्या टेकड्या…"

"नकाशा छापायला दिला," तो म्हणाला. "आता काही बदलता येत नाही." हे त्यानं फार आनंदानं सांगितलं.

जाताना त्यानं विचारलं, शर्यतीत तू कुठल्या गटात. बसून खेळायच्या गटात नाव टाकलं असेल असं वाटून मी त्याच्या हातातली यादी बघितली. माझ्या नावापुढं जागा रिकामी होती. "तू ठरव," तो म्हणाला. मी अडीच किलोमीटर चालायचा गट घेतला. एकटीनं.

*

शर्यतीला अडतीस माणसं आली. आमच्या गावच्या मानानं ही जत्राच. एसटीतून निवृत्त झालेले दत्तात्रेयकाका जुनी कातडी बॅग लावून आले होते. ज्यांनी मला अंगणवाडीत शिकवलं त्या चंद्रावतीबाई चाकाच्या खुर्चीतून आल्या, सून ढकलत होती. खुर्चीतून आलेली दुसरी कोणी असली की मला बरं वाटतं, हे मी कबूल करते. बाईंची शर्यत ट्रकच्या रुंद बांधावर होती, शेवटचा झेंडा तेवढा सगळ्यांचा एकच. प्रणिता मॅडम आधीच घामेजल्या होत्या, अजून सुरुवात व्हायची होती तरी.

सावकाश जाणाऱ्यांना आधी सोडतात. मी पहिली. हर्षद घड्याळ घेऊन उभा होता. त्यानं माझ्या हातात घडी घातलेला नकाशा दिला आणि दहापासून उलटं मोजायला लागला. नकाशा सुरुवात झाल्याशिवाय उघडायचा नसतो. शून्यावर मी उघडला.

आगराच्या चार कोपऱ्यांत चार खुणा होत्या. चारही काळ्या फुल्या.

तपकिरी एकही नाही.

मी मान वर केली. तो माझ्याकडं बघत होता, कान लाल झालेले. मी काही विचारणार, तेवढ्यात तो म्हणाला, "वेळ चालू झालाय," आणि घाईघाईनं दत्तात्रेयकाकांकडं वळला.

मी चालायला लागले. दोनशे जोडपावलं कशी गेली ते मला माहीत नाही, पहिल्यांदाच मी नुसती आकडे म्हणत होते. त्याला माहीत होतं. कधीपासून? आणि माहीत होतं तर ही माझी इतक्या रविवारांची घालमेल, ती हा काय बघत होता, चित्रासारखी? मला राग आला. मग पहिला झेंडा सापडला, तेव्हा राग गेला. मग परत आला. दुसऱ्या झेंड्यापर्यंत तो अर्धाच उरला होता आणि उरलेल्या अर्ध्यात काहीतरी गोड लागत होतं, जे रागात बसत नाही.

शेवटचा झेंडा चौथ्या राशीवर. वळणावरून बघितलं तर चौथी रास नव्हती.

म्हणजे थोडी होती. बाकीची ट्रकमध्ये होती. वर्षभर न आलेला व्यापारी त्या रविवारी सकाळी सात वाजता माणसं घेऊन आला होता, आणि रस्त्याला सगळ्यांत जवळची रास म्हणून चौथीवर फावडी पडली होती. गावातला मिथुन शेवटच्या पाट्या भरत होता. मी विचारलं, झेंडा कुठाय. त्यानं अभिमानानं ट्रकच्या पुढच्या काचेकडं बोट केलं.

"मीठ लागून खराब झाला असता गो. म्हणून जपून ठेवलाय. पेणला गेल्यावर देतो ना कोणाकडं तरी."

पंचासकट झेंडा ड्रायव्हरसमोर लटकत होता, लिंबू-मिरचीच्या शेजारी. ट्रक सुरू झाला होता. मी काठी आडवी धरून ट्रकसमोर उभी राहिले. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला आणि पहिली गोष्ट काय केली, तर खाली उतरून माझ्यासाठी बसायला काहीतरी शोधायला लागला. मी म्हटलं, बसायचं नाही, झेंडा द्या.

ट्रक गेला. उरला एक ओला पांढरा गोल, जिथं टेकडी होती. झेंडा कशाला बांधायचा? खांब नाही, झाड नाही. तो जमिनीवर टाकला असता तर शेळीनं खाल्ला असता. मागून सदतीस माणसं येणार होती, त्यांत एक पुण्याची. मी गोलाच्या बरोब्बर मधोमध गेले, झेंडा हातात धरला आणि उभी राहिले.

पहिल्या आल्या प्रणिता मॅडम. त्यांनी नकाशा बघितला, मला बघितलं, परत नकाशा.

"इथं एक वस्तू दाखवली आहे."

"होय," मी म्हटलं. "मी."

"तुम्ही नकाशात आहात?"

"काळी फुली. माणसानं केलेलं काहीतरी. मी दोन माणसांनी केलेली आहे."

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग खाली, त्या ओल्या पांढऱ्या गोलाकडं. मग होकायंत्र काढून कुठल्या कुठल्या कोनांतून माझी जागा तपासली. मी श्वास धरून होते. अखेर त्यांनी माझ्या हातातल्या पंचानं कार्डाला भोक पाडलं आणि धावत गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "जागा अचूक आहे. हलू नका."

मी हलले नाही. मुलं आली, ओरडत गेली. पिंकी आली, चुकून दोनदा. दत्तात्रेयकाकांनी पंच हातात घेतल्यावर सवयीनं विचारलं, कुठं जायचंय. चंद्रावतीबाई आल्या, त्यांच्या शर्यतीत तीन झेंड्यांतला खरा कोणता हे ओळखायचं होतं, आणि त्यांचं म्हणणं होतं की नकाशाच चुकलाय, झेंडे सगळे बरोबर आहेत. मला बघून त्या थांबल्या. सुनेला म्हणाल्या, "बघ, उभी राहिलेय." एवढंच. त्यांच्या आवाजात काय होतं ते मी नंतर विचार करायला ठेवून दिलं, कारण तेव्हा पाय थरथरत होता आणि हसणं-रडणं दोन्हीला तोल लागतो.

दोन तास झाले. ऊन चढलं. मग बराच वेळ कोणी आलं नाही.

शेवटी खांद्यावर गोळा केलेले झेंडे घेऊन तो आला. शर्यत भरवणारा सगळ्यांत शेवटी निघतो, एकेक झेंडा उतरवत. वळणावर त्याला रास दिसली नाही, मी दिसले. तो धावत आला आणि दोन हातांच्या अंतरावर थांबला. 'बस' म्हणाला नाही. माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि खांदा थोडा पुढं केला, लागला तर असावा म्हणून. मी टेकले.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"दुसऱ्या रविवारपासून."

"कसं?"

"शेळी टेकडी चाटत होती. आमच्याकडं शेळ्या टेकडीवर चरतात. चाटत नाहीत."

"मग बोलला का नाहीस?"

तो झेंड्यांच्या दोऱ्या उगाच सोडवायला लागला. त्या गुंतलेल्या नव्हत्या, आता गुंतल्या. "टेकडी मोजायला रविवार लागतात, नमिता. दोन-तीन… चारही लागतात. रास मोजायला पाच मिनिटं." मग खाली बघत, "मी तुझ्या बाबांना विचारलं होतं. राशी मार्चपर्यंत राहतील ना, म्हणून. ते म्हणाले, राहतील. आणि म्हणाले, तिला सांगू नको."

"बाबांना माहीत होतं?"

"म्हणाले, पोर दर रविवारी आपल्या पायानं आगरावर येते. चालू दे."

मी खाडीकडं बघितलं. बाबा लांब, आगराच्या पलीकडच्या टोकाला पाठमोरे उभे होते. गेले दोन महिने ते दर रविवारी डबा विसरत होते. तीस वर्षांत फक्त एकदा, त्या पहिल्या रविवारी, खरोखर विसरलेला माणूस.

"मी पण म्हणूनच नाही सांगितलं," मी म्हटलं. "तू आला नसतास ना परत. म्हणून."

त्याचा खांदा अजिबात हलला नाही.

मग मला आठवलं की माझं कार्ड मी अजून पंच केलंच नव्हतं. झेंडा त्याच्या हातात दिला, त्यानं तो धरला, मी भोक पाडलं. आम्ही शेवटाकडं निघालो. मी पुढं, तो अर्धं पाऊल मागं, म्हणजे एकटीनं चालायचा नियम मोडायला नको. प्रणिता मॅडमनी परवानगी दिली होती, असं त्यानं चालता चालता सांगितलं. शेरा एवढाच होता की शेवटची खूण फार चांगली होती, पण पुढच्या वेळी एखादी कायमची निवडावी. पुढची शर्यत मात्र एप्रिलअखेर. आणि इथला नकाशा तर पुरा झाला होता, मोजायचं काही उरलं नव्हतं.

बांधावर आमच्या दोघांच्या चपलांखाली मीठ करकरत होतं.

"पुढच्या रविवारी," तो म्हणाला, "काय मोजायला येऊ, ते मला सुचत नाहीये. रात्रीपासून विचार करतोय… उघाडीची रुंदी झाली. विजेचे खांब झाले. आईला काय सांगून निघू?"

मी थांबले. वळून त्याच्याकडं बघितलं, फार वेळ, आणि दुसरीकडं नाही बघितलं.

"काही मोजू नकोस," मी म्हटलं. "नुसता ये."

तेवढ्यात समोरून ट्रक आला, दुसऱ्या राशीसाठी परत. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. बांध चांगला रुंद होता, दोन्ही कडेला उभं राहायला भरपूर जागा होती. मी डावीकडं झाले.

तोही डावीकडंच आला.